हलके की सुबक? नवशिक्याच्या लॅपटॉपसाठी लिनक्स वितरणाची निवड : जोयडा तालुक्याच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. तिच्यानंतरच्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक आहे. परिणामी जे लॅपटॉप यंत्र म्हणून धडधाकट आहेत, ते कार्यालयांतून आणि घराघरांतून बाहेर पडू लागले. त्यांपैकी काही देणगीच्या रूपाने, काही जुन्या बाजारातून अल्प किमतीत आपल्या कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या हाती येतात. बहुतेकांमध्ये २ किंवा ४ जीबी स्मृती आणि फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असते. अशा यंत्रावर काय चालवावे, हा प्रश्न मग संगणकाच्या शिक्षकाकडे येतो; आणि जेथे असा शिक्षक नाही तेथे तो भाषेच्या शिक्षकाकडेही येतो. प्रस्तुत लेखक उर्दू व मराठीचा अध्यापक असून या प्रश्नाकडे तो याच वाटेने आला.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ठरलेले आहे : 'सर्वांत हलके लिनक्स टाका.' हे उत्तर तपासून पाहणे, त्यातील गृहीतके उघड करणे आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने निवडीचे निकष ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्या अध्यापक बंधू-भगिनींना हा विषय नवा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. लिनक्स हा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहावयास घेतलेला प्रणालीचा गाभा होय. हा गाभा, त्यावरील पडदा म्हणजे डेस्कटॉप, आणि लेखन, आंतरजाल, चित्रे इत्यादींची साधने एकत्र बांधून जी गाठोडी तयार केली जातात, त्यांना वितरण किंवा बोलीभाषेत 'डिस्ट्रो' म्हणतात. डेबियन हे १९९३ पासूनचे, उबुंटू २००४ चे आणि मिंट २००६ चे वितरण आहे. गाभा एकच असला तरी गाठोडे कोणी, कोणासाठी बांधले, यावरून त्याचा स्वभाव ठरतो.

तालुका आणि त्याच्या भाषा

जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील विरळ वस्तीचा, जंगलाने व्यापलेला तालुका. पूर्वी तो सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या व्याघ्र प्रकल्पाला २०१५ मध्ये काळी नदीचेच नाव मिळाले. वाड्या एकमेकींपासून दूर आहेत आणि जंगलात मोबाइलचा सिग्नल हा झाडाझाडांवर अवलंबून असतो. धरणाचे पाणी वीज देते, तरी पावसाळ्यात झाडे तारांवर पडली की वाड्यांवर अंधार होतो.

भाषेच्या दृष्टीने हा तालुका अभ्यासण्यासारखा आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. येथील कुणबी व इतर कुटुंबांत कोकणी आणि मराठी बोलली जाते, मुस्लिम घरांत उर्दू वा कोकणी ऐकू येते, आणि शाळा व सरकारी व्यवहार कन्नडमध्ये चालतो. विद्यार्थी घरी एका भाषेत बोलतो, अर्ज दुसऱ्या भाषेत लिहितो, आणि संगणक त्याच्यापुढे तिसऱ्याच भाषेत म्हणजे इंग्रजीत उघडतो. आंतरजालावरील वितरणांच्या तुलना ज्या वाचकासाठी लिहिल्या जातात, त्याला अखंड वीज, वेगवान जोडणी आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी सहज उपलब्ध असतात. जोयड्याच्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही नाही. म्हणून त्या तुलनांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

'हलके' या शब्दाविषयी

मराठीत 'हलके' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वजनाने कमी तेही हलके, आणि दर्जाने कमी तेही हलके. 'हलक्या प्रतीचा माल' असे आपण म्हणतो. फारसी-उर्दूमध्ये हलक्यासाठी 'सुबुक' हा शब्द आहे. तोच मराठीत 'सुबक' होऊन आला, तेव्हा त्याचा अर्थ नीटनेटके, बेताचे, घाटदार असा झाला. एकाच कल्पनेचे हे दोन शब्द आपल्याला उपयोगी पडणारा भेद दाखवितात. ज्याच्यातून नको ते काढले आहे ते सुबक, आणि ज्याच्यातून हवे तेही काढले आहे ते हलके. नवशिक्याच्या लॅपटॉपवर सुबक प्रणाली हवी. प्रचलित तुलनांमध्ये मात्र मोजमाप होते ते बहुधा केवळ हलकेपणाचे, म्हणजे प्रणाली सुरू झाल्यावर किती स्मृती खाते या एका आकड्याचे.

हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. संगणकागणिक फरक पडत असला तरी साधारणपणे अँटीएक्ससारखे वितरण सुरू होताना २०० ते ३०० एमबी स्मृती घेते, तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ७०० ते ९०० एमबी घेते. म्हणजे फरक सुमारे अर्ध्या जीबीचा. परंतु विद्यार्थ्याने ब्राउझर उघडून त्यात शिष्यवृत्तीचा अर्ज, एक चित्रफीत आणि टपाल अशी चार-पाच पाने लावली की एकटा ब्राउझर १ जीबीहून अधिक स्मृती घेतो, आणि तो कोणत्याही वितरणावर तेवढीच घेतो. २ जीबीच्या यंत्रावर हा अर्धा जीबी महत्त्वाचा आहे, ४ जीबीच्या यंत्रावर तो जवळपास गौण ठरतो. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसविली किंवा स्मृतीची एक पट्टी वाढविली, तर जो फरक पडतो तो कोणत्याही दोन वितरणांमधील फरकापेक्षा मोठा असतो. तेव्हा वितरण निवडण्यापूर्वी लॅपटॉपचे झाकण उघडून पाहणे ही पहिली पायरी होय.

एक चुकलेली निवड

येथे स्वतःच्या चुकीची नोंद करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका वाडीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीला नातेवाइकांकडून २ जीबी स्मृतीचा लॅपटॉप मिळाला. प्रस्तुत लेखकाने तुलना वाचून त्यावर एक अतिहलके वितरण टाकून दिले. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, निवडीचा होता. यंत्र क्षणात सुरू होऊ लागले आणि प्रस्तुत लेखकाला समाधान वाटले. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "सर, ह्याच्यावर मराठी वाचता येत नाही, नुसते चौकोन दिसतात. आणि काल वीज गेली तेव्हा मी लिहिलेले सगळे गेले." तिने पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रणालीत दीड तास बसून निबंध लिहिला होता. तो साठविला आहे अशी तिची समजूत होती. प्रणालीच्या दृष्टीने मात्र तो केवळ स्मृतीत होता.

ती पुन्हा मोबाइलवर निबंध लिहू लागली. लॅपटॉप फडताळात गेला. तिच्या घरच्यांनी काढलेला निष्कर्ष अधिक गंभीर होता : 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.' जाणकार वापरकर्त्याचा एखादा प्रयोग फसला तर तो दुसरे वितरण टाकून पाहतो. नवशिक्याचा पहिला प्रयोग फसला तर तो स्वतःलाच नापास करतो. ही निवड किरकोळ तांत्रिक बाब नाही, असे प्रस्तुत लेखक मानतो ते याच कारणाने.

निवडीचे निकष

या अनुभवातून आणि नंतरच्या वाचनातून पुढील पाच निकष हाती लागतात.

पहिला निकष लिपीचा. प्रणाली बसविल्यानंतर, आंतरजाल नसताना, देवनागरी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही लिपी नीट दिसल्या पाहिजेत आणि लिहिता आल्या पाहिजेत. अतिहलकी वितरणे जागा वाचविण्यासाठी जे वगळतात, त्यांत फाँट आणि भाषांतरे यांचा क्रमांक वरचा असतो.

दुसरा निकष विजेचा. वीज अचानक गेली तर काम शाबूत राहिले पाहिजे. नेहमीच्या पद्धतीने हार्डडिस्कवर बसविलेल्या, ईएक्सटी४ सारखी नोंदवही ठेवणारी फाइल-व्यवस्था वापरणाऱ्या प्रणालीत साठविलेली फाइल सहसा सुरक्षित राहते. टायनी कोअरच्या नेहमीच्या रचनेत वापरकर्त्याच्या फाइली यंत्र बंद करताना राखून ठेवल्या जातात, आणि पपी पेनड्राइव्हवरून चालविताना बदल ठरावीक अंतराने किंवा बंद करताना लिहिले जातात. ही रचना तिच्या हेतूसाठी उत्तम आहे. तथापि ज्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे आणि ज्या वाडीत आषाढात वीज टिकत नाही, तेथे ती घातक ठरते.

तिसरा निकष काळाचा. विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपेपर्यंत तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या पाहिजेत. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत पाठबळ जाहीर झाले आहे. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला दीर्घकालीन पाठबळ धरून सुमारे पाच वर्षे मिळतात.

चौथा निकष जोडणीचा. प्रणाली बसविणे, ती दुरुस्त करणे आणि तिच्या प्रती काढणे ही कामे महाविद्यालयात एकदा उतरवून घेतलेल्या सामग्रीवर करता आली पाहिजेत. विद्यार्थ्याने घरी जाऊन अर्धा जीबी उतरवून घ्यावा, ही अपेक्षा जोयड्यात धरता येत नाही.

पाचवा निकष सोबतीचा. अडचण आली तर विचारायला जवळ कोणी हवे. वर्गातील वीस जणांकडे एकच वितरण असेल तर ते एकमेकांना शिकवितात. प्रत्येकाकडे वेगळे असेल तर प्रत्येक जण एकटा पडतो.

वितरणांची समीक्षा

या निकषांवर प्रमुख हलक्या वितरणांकडे पाहू.

पपी लिनक्स हे ऑस्ट्रेलियाचे बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले वितरण. संपूर्ण प्रणाली स्मृतीत चढवून चालविण्याची त्याची कल्पना आजही कौतुकास्पद आहे. बिघडलेल्या यंत्रातून फाइली वाचविण्यासाठी त्याच्यासारखे साधन विरळा. ते शिक्षकाच्या खिशात असावे. विद्यार्थ्याचे कायमचे घर म्हणून मात्र ते पहिल्या दोन निकषांवर कमी पडते. टायनी कोअर तर काही डझन एमबींचे वितरण असून प्रत्येक गोष्ट आपण निवडून जोडावी, ही त्याची भूमिका आहे. जो अजून 'फोल्डर' म्हणजे काय ते शिकतो आहे, त्याच्यापुढे ही भूमिका ठेवणे अप्रस्तुत होय.

अँटीएक्स हे डेबियनवर आधारलेले, जुन्या यंत्रांविषयी मनापासून आस्था असलेले वितरण आहे. ते हार्डडिस्कवर रीतसर बसते, डेबियनचे अफाट भांडार त्याला उपलब्ध आहे, आणि १ जीबी स्मृतीतही ते लेखनाचे काम करू देते. मात्र त्याचा पडदा साध्या खिडकी-व्यवस्थापकांवर उभा आहे. मांडणी बदलणे, कीबोर्ड जोडणे यांसारख्या कामांसाठी वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. शिक्षक सोबत असेल तरच ते नवशिक्याला द्यावे.

लुबुंटू हे उबुंटूचे हलके भावंड. २०१८ मध्ये त्याने जुना एलएक्सडीई डेस्कटॉप सोडून एलएक्सक्यूटी स्वीकारला. मांडणी परिचित, वेग चांगला. त्याच घराण्यातील झुबुंटू एक्सएफसीई डेस्कटॉप वापरते. दोन्ही वितरणे स्वीकारार्ह आहेत.

मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अधिकृतपणे किमान २ जीबी स्मृती मागते आणि ४ जीबीची शिफारस करते. विंडोज पाहिलेल्या विद्यार्थ्याला डाव्या कोपऱ्यातील यादी, खालचा फलक, फाइलींची खिडकी हे सर्व ओळखीचे वाटते. टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची स्थिती जपून ठेवता येते, म्हणजे विद्यार्थ्याने प्रयोग करताना काही बिघडविले तर मागे जाता येते. चुकण्याची मुभा देणारी प्रणाली हीच शिकण्याची प्रणाली होय. ४ जीबीच्या एकट्यादुकट्या लॅपटॉपसाठी हीच निवड योग्य ठरते.

एमएक्स लिनक्स २०१४ मध्ये अँटीएक्स आणि पूर्वीच्या मेपिस या समुदायांच्या सहकार्यातून आले. त्याचाही मुख्य डेस्कटॉप एक्सएफसीई असून २ ते ४ जीबीच्या यंत्रावर ते समाधानकारक चालते. परंतु आपल्या दृष्टीने त्याचे खरे मोल निराळे आहे. त्यातील 'स्नॅपशॉट' या साधनाने आपण सिद्ध केलेल्या प्रणालीची, म्हणजे आपले फाँट, कीबोर्ड, शब्दकोश आणि पाठ्यसामग्री यांसह, बसविण्याजोगी प्रत तयार होते. शिक्षकाने एक लॅपटॉप नीट सजवावा, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि तीच प्रत आंतरजालाशिवाय वीस लॅपटॉपांवर बसवावी. जोयड्यासारख्या तालुक्यात ही सोय शंभर-दोनशे एमबी स्मृतीच्या बचतीहून कितीतरी मोलाची आहे. प्रचलित तुलनांमध्ये तिचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो, कारण त्या तुलना एका यंत्रासाठी एका माणसाने केलेल्या असतात.

आता ३२-बिटी यंत्रांविषयी. ती झपाट्याने निराधार होत आहेत. उबुंटूच्या घराण्याने २०१८ नंतर त्यांच्यासाठी नवी आवृत्ती काढली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रस्थापक उरला नाही. डेबियन १२ ची दुरुस्ती २०२८ पर्यंत चालू राहणार असल्याने अशी यंत्रे तोवर लेखनासाठी वापरता येतील. परंतु १ जीबीचे ३२-बिटी यंत्र विद्यार्थ्याला 'लॅपटॉप दिला' म्हणून देणे ही त्याची फसवणूक ठरेल. ते वाचनालयात टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवावे, हे बरे.

भाषेची बाजू

भाषेच्या अध्यापकाने या समीक्षेत स्वतःची भर घालायची ती येथे. एक विसंगती लक्षात येते. मराठी भाषांतराचे काम जास्त झाले ते ग्नोम, केडीई यांसारख्या भरगच्च डेस्कटॉपवर, आणि हलक्या डेस्कटॉपच्या वाट्याला ते तुटपुंजे आले. परिणामी गरिबाचे यंत्र जितके हलके, तितकी त्याच्यावर त्याची भाषा कमी. एक्सएफसीईवर मराठी निवडली तर यादीतील काही शब्द मराठीत आणि बरेचसे इंग्रजीत दिसतात. भाषांतरांतही एकवाक्यता नाही. फाइल राखून ठेवण्याच्या एकाच क्रियेसाठी कुठे 'साठवा', कुठे 'जतन करा', तर कुठे 'संचयित करा' असे शब्द येतात. यांपैकी 'साठवा' हाच आमच्या वाड्यांवर रोजच्या तोंडी असलेला शब्द आहे. धान्य साठवतात, पाणी साठवतात. तेव्हा यादी इंग्रजीत ठेवून महत्त्वाच्या वीस-पंचवीस शब्दांचा मराठी-कन्नड-उर्दू तक्ता भिंतीवर लावणे, हा तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो.

लेखनाची बाजू मात्र आशादायक आहे. लिनक्समध्ये मराठी, कन्नड आणि उर्दूचे कीबोर्ड मुळातच असतात. कर्नाटकात शासनाने स्वीकारलेली कन्नडची ध्वन्यात्मक मांडणी कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाते. 'कगप' या नावाने तीच धाटणी लिनक्समध्ये मराठी व हिंदीसाठीही दिलेली आहे. शाळेत कन्नड टंकलेखन शिकलेला जोयड्याचा विद्यार्थी जवळपास त्याच बोटांनी मराठी आणि देवनागरी कोकणी लिहू शकतो. ही गोष्ट महाराष्ट्रातील मराठी अभ्यासकांना सहसा ठाऊक नसते. उर्दूसाठीही ध्वन्यात्मक मांडणी आहे. या व्यवस्थेत एका वेळी चारच कीबोर्ड जोडता येतात. इंग्रजी, कन्नड, मराठी आणि उर्दू मिळून ते बरोबर चारच होतात.

दिसण्याच्या बाबतीत पुढील चाचणी सुचवावीशी वाटते. कोणत्याही नव्या प्रणालीवर 'काळीच्या खोऱ्यातल्या दऱ्या' हे शब्द लिहून पाहावेत. 'ऱ्य' मधील अर्धा र नीट आला तर फाँट आणि मांडणी दोन्ही ठीक आहेत. इनस्क्रिप्ट मांडणीत हा 'ऱ' शिफ्टसह जे या कळीवर असतो. त्यानंतर 'ॲप' लिहावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फाँटमध्ये तेथे चौकोन दिसतो. शेवटी 'ल' आणि 'श' यांचे आकार पाहावेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची रूपे निश्चित केली. लोहित, नोटो यांसारख्या मुक्त फाँटमध्ये मराठी रूपांची सोय आहे, मात्र मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविली तरच ती प्रकट होतात.

उर्दूची अडचण निराळी. नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरते, म्हणून तिला ओळीची उंची अधिक लागते. २०१४ मध्ये आलेला नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मुक्त आणि देखणा आहे, पण अरुंद चौकटीत त्याची अक्षरे वरखाली कापली जातात, आणि जुन्या यंत्रावर लांब मजकूर उघडताना तो जडही वाटतो. विद्यार्थ्यांना लेखन नस्ख वळणाच्या फाँटमध्ये करावयास सांगावे आणि अंतिम प्रत नस्तालीकमध्ये काढावी, म्हणजे वेगही राहतो आणि वळणही.

पूर्वानुभव

हा प्रश्न नवा नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील लहानशा शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांत केवळ २५६ एमबी स्मृती आणि १ जीबी साठवण होती, आणि फेडोरा लिनक्सवर 'शुगर' हा मुलांसाठी मुद्दाम रचलेला पडदा होता. म्हणजे तेथे मोठ्यांच्या प्रणालीतून वस्तू वजा केलेल्या नव्हत्या, तर मुलाकडे पाहून नव्याने मांडणी केलेली होती. सुबक कशाला म्हणावे याचे ते एक उदाहरण होय.

केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. केरळने सर्वांत हलके वितरण शोधत बसण्याऐवजी उबुंटूवर आधारलेले स्वतःचे गाठोडे बांधले, त्यात मल्याळम आणि पाठ्यक्रमाची साधने घातली, आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. कर्नाटकातही २०११ पासून 'सब्जेक्ट टीचर फोरम' या उपक्रमात सरकारी माध्यमिक शिक्षकांनी उबुंटूवर काम केले. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' हे भारतीय भाषांना प्राधान्य देणारे वितरण काढले. भाषेच्या निकषावर त्याचे महत्त्व मान्यच करावे लागेल, परंतु त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ग्नोमवर आधारलेल्या असल्याने जुन्या यंत्राचा प्रश्न बाजूलाच राहिला. या साऱ्यांतून निघणारे तात्पर्य असे की, जेथे शिक्षकाने गाठोडे बांधले तेथे लिनक्स टिकले.

काही आक्षेप

लिनक्सची बाजू मांडताना त्याच्या मर्यादा लपविणे योग्य नाही. उर्दू प्रकाशनात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या इनपेजच्या फाइली लिनक्सवर सरळ उघडत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला दांडेली, बेळगाव किंवा गोव्यात हिशेबाची नोकरी करावयाची असेल तर टॅली यावीच लागते, आणि ती विंडोजसाठी बनलेली आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक-दोन विंडोज यंत्रे असावीत. 'नोकरीत एक्सेलच विचारतात' हा आक्षेपही ऐकू येतो. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सूत्रे, छाननी आणि तक्ते शिकलेला विद्यार्थी एक्सेलमध्ये अडत नाही, परंतु त्याला एकदा तरी एक्सेल दाखविले पाहिजे, हे मान्य करावे.

'एवढे करण्यापेक्षा मोबाइल काय वाईट?' असाही प्रश्न सहकारी विचारतात. मोबाइल वाचण्यास पुरतो. दहा पानांचा अहवाल लिहिणे, तो पुन्हा वाचून खोडणे, संदर्भ शेजारी उघडून ठेवणे, ही विचाराची कामे मात्र कीबोर्ड आणि मोठा पडदा मागतात. आपला विद्यार्थी केवळ वाचक राहावा की लेखकही व्हावा, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. ४ जीबी स्मृतीच्या ६४-बिटी लॅपटॉपवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवावी. अनेक लॅपटॉप एकाच वर्गासाठी तयार करावयाचे असतील, किंवा स्मृती २ जीबी असेल, तर एमएक्स लिनक्स घ्यावे, त्यात स्मृती दाबून वापरणारी झेडरॅमची सोय चालू करावी, आणि आपली प्रत एकदाच सिद्ध करून सर्वांना द्यावी. १ जीबीच्या यंत्रावर अँटीएक्स टाकून ते वाचनालयात ठेवावे. पपी शिक्षकाच्या पेनड्राइव्हवर असावे. खर्च करता येत असेल तर तो प्रथम एसएसडी आणि स्मृतीवर करावा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स व लिब्रेऑफिसवरील पाठ मराठी आणि कन्नडमध्ये मिळतात. ते महाविद्यालयात उतरवून त्याच प्रतीत घालावेत.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप पुढे फडताळातून बाहेर आला. त्यात स्मृतीची एक पट्टी वाढविली, एमएक्स बसविले, चार कीबोर्ड जोडले आणि लेखनसाधनात दर पाच मिनिटांनी आपोआप साठविण्याची सूचना चालू केली. यंत्र पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट उशिरा सुरू होते. त्याविषयी तिने एकदाही तक्रार केलेली नाही. धाकट्या भावाला कन्नड लिहावयास आता तीच शिकविते. देणगीत आलेले यंत्र जुने असेल, पण त्यावरची प्रणाली निवडताना आपण घेतलेली काळजी जुनी असता कामा नये, एवढेच अध्यापक बंधू-भगिनींना नम्रपणे सुचवावेसे वाटते.